अमेरिकेचा इतिहास तिकिटांतून खरंच कळतो का?

टपालवेडा (धागालेखक)
गेले वर्षभर अमेरिकेची जुनी तिकिटं सालवार लावतोय. पाठ्यपुस्तकं दर पिढीला नव्याने लिहिली जातात. तिकीट मात्र ज्या साली छापलं त्या सालाशी इमान राखतं. सरकारला केव्हा काय मान्य होतं, ते त्यावरून नेमकं कळतं असं माझं मत.

१ जुलै १८४७ ला पहिली दोन आली: ५ सेंटवर फ्रँकलिन, १० सेंटवर वॉशिंग्टन. १८६१ मध्ये गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांत यादवी पेटल्यावर उत्तरेने चालू तिकिटं रद्दच केली, कारण दक्षिणेतल्या पोस्टांत पडलेला साठा विकून बंडखोरांनी पैसा उभा केला असता. दक्षिणेने मग स्वतःचं तिकीट काढलं, त्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिसचं. आता १९३७ ची सेनादल मालिका पाहा. ३ सेंटवर उत्तरेचा सेनापती शर्मन, ज्याने दक्षिणेतला जॉर्जिया उद्ध्वस्त केला. ४ सेंटवर उत्तरेविरुद्ध लढलेले ली आणि स्टोनवॉल जॅक्सन. सगळे एकाच देशाचे वीर! आणि १९४० मध्ये गुलामगिरीत जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन, तिकिटावर आलेले पहिले कृष्णवर्णीय. मला यात देश हळूहळू कबुली देताना दिसतो.

उलटतपासणी
असहमत. तिकीट ही सरकारने स्वतःची केलेली जाहिरात आहे. बुकर वॉशिंग्टनचं तिकीट १० सेंटचं होतं, साध्या पत्राला तेव्हा ३ सेंट लागायचे. मग ते किती घरांत पोचलं असेल?

१८९३ ची कोलंबस मालिका घ्या. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी १ सेंटपासून ५ डॉलरपर्यंत सोळा तिकिटं. १ सेंटच्या तिकिटावर मधोमध जमीन दिसल्याचा आनंद, आणि मूळ रहिवासी कुठे? चित्राच्या बाहेर, दोन्ही कडांना शोभेसारखे बसवलेले. अमेरिकी सैन्याने लाकोटा मूळ रहिवाशांना मारलं ते वूंडेड नीचं हत्याकांड होऊन तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. ते कुठल्या तिकिटावर आहे?

टपालवेडा
कडेला बसवलेत हे तुम्हाला तिकिटावरूनच दिसलं ना! मी वेगळं काय म्हणतोय?

उलटतपासणी
मला ते दिसलं, कारण वूंडेड नी मी आधी पुस्तकात वाचलं होतं. नुसता अल्बम हातात दिला असता तर मी सुंदर कोरीवकाम म्हणून पान उलटलं असतं.

मावशी_अटलांटा
उलटतपासणींशी बरीचशी सहमत. गांधीजींचं तिकीट इथे २६ जानेवारी १९६१ ला निघालं, 'स्वातंत्र्याचे कैवारी' म्हणून, ४ आणि ८ सेंटचं. आपल्याला अभिमान वाटतो, मलाही वाटतो. पण त्याच दिवसांत इथल्या दक्षिणेत काळी मुलं खाणावळीच्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या काउंटरवर बसली म्हणून मार खात होती. गांधींचाच मार्ग चालणाऱ्या मार्टिन लूथर किंगचं तिकीट आलं १९७९ मध्ये.

टपालवेडा
मावशी, किंगच्या बाबतीत हे थोडं अन्यायाचं होतंय. जिवंत माणसाचं तिकीट काढायचं नाही असा दंडक होता, आणि किंग १९६८ पर्यंत हयात होते.

मावशी_अटलांटा
बरं, किंग बाजूला ठेवू. गुलामीतून पळून जाऊन इतर गुलामांनाही सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन १९१३ मध्ये गेल्या. तिकीट १९७८ चं. ६५ वर्षं कुठला दंडक आड आला?

टपालवेडा
याला माझ्याकडे उत्तर नाही. पण ती ६५ वर्षं मोजता येतात ती तिकिटावर साल असल्यामुळेच.

उलटतपासणी
मग जे छापलंच नाही ते कसं मोजणार? १९९४ मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या मालिकेसाठी अणुबॉम्बच्या ढगाचं तिकीट ठरलं होतं. 'बॉम्बमुळे युद्ध लवकर संपलं' अशा अर्थाची ओळ त्याखाली होती. जपानने तीव्र हरकत घेतली, तिकीट मागे घेतलं आणि त्या जागी जपानच्या शरणागतीची बातमी सांगणारे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन आले. १९९५ च्या शीटवर आज फक्त ट्रूमन दिसतात. हिरोशिमाही नाही, आणि त्यावरून झालेला वादही नाही. ही जागा तुमच्या अल्बममध्ये कुठे आहे?

टपालवेडा
आत्ता उठून ते पान काढलं. ट्रूमनशेजारी एका तिकिटाएवढी चौकट पेन्सिलीने आखली आहे, खाली '१९९४, मागे घेतलेलं' असं लिहिलंय. टबमनच्या आधीची पानं आता उद्या बघतो.