बीपीसी-१५७ की टीबी-५००? टाचेसाठी कोणतं घेऊ?

रेडर_मिरज
नमस्कार मंडळी. कबड्डी खेळतो. उजव्या पायाचं अकिलीस टेंडन (टाचेमागची जाड शीर, पोटरीला टाचेशी जोडणारी) दिवाळीपासून धरलंय. सकाळची पहिली पावलं टाकताना जीव जातो, अंग तापलं की सुटतं, रात्री पुन्हा तेच. एमआरआयमध्ये फाटलेलं काही नाही, टेंडन जाड झालंय. जिममधला एक जण दुखापत भरायला बीपीसी आणि टीबीची इंजेक्शनं एकत्र घे म्हणतो, वजन वाढवायला सीजेसी-१२९५ आणि इपामोरेलिन. फेब्रुवारीत निवड चाचणी आहे. कुणी तुलना करून सांगेल का?

फिजिओताई_कोल्हापूर
तुझ्याच वयाची पोरं रोज माझ्याकडे येतात, म्हणून अरेतुरे करते.

बीपीसी-१५७ ही १५ अमिनो आम्लांची साखळी. जठररसातल्या प्रथिनावरून ती बेतलेली आहे. झाग्रेब विद्यापीठातल्या प्रेड्राग सिकिरिच यांच्या गटाने १९९०च्या दशकापासून त्यावर काम केलंय. उंदरांचं अकिलीस कापलं आणि बीपीसी दिल्यावर ते चांगलं भरून आलं, हे खरं. पण तुझं टेंडन कापलेलं नाही, जास्तीच्या भाराने हळूहळू बिघडलंय. अशा दुखण्यावर माणसांत घेतलेली भरवशाची चाचणी नाही. टीबी-५०० हा थायमोसिन बीटा-४ या ४३ अमिनो आम्लांच्या रेणूचा लहानसा तुकडा. अख्ख्या रेणूवरचे निष्कर्ष विकणारे या तुकड्याच्या नावावर खपवतात, याची मला चीड येते. दोघांमुळे नव्या रक्तवाहिन्या फुटतात असं प्राण्यांत दिसतं. शरीरात कुठे न कळलेली गाठ असेल तर त्या वाहिन्या तिलाही पोसू शकतील, ही भीती आहेच.

सीजेसी आणि इपामोरेलिन दुरुस्तीची नव्हेतच. ती पिट्युटरीकडून, म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीकडून, ग्रोथ हार्मोन सोडवतात. काट्यावर आकडा चढतो, त्यात पाणी बरंच असतं, ताकद त्या मानाने वाढत नाही.

आणि कुपीवरचं लेबल वाच. ‘फक्त संशोधनासाठी’ असं असेल तर आत काय भरलंय, किती शुद्ध आहे, याची जबाबदारी कुणाचीच नाही.

जुना_कोच
निवड चाचणी म्हणतोस म्हणून सांगतो. चारही वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) बंदी यादीत आहेत, बीपीसीचं नाव २०२२ पासून. आणि बंदी फक्त सामन्याच्या दिवसापुरती नाही, बारमाही. ऑस्ट्रेलियातल्या एसेंडन या फुटबॉल क्लबचे ३४ आजी-माजी खेळाडू थायमोसिन बीटा-४ वरून जानेवारी २०१६ मध्ये बाहेर बसले. इंजेक्शनं क्लबच्याच कार्यक्रमातली होती, तरी शिक्षा खेळाडूंना झाली. तुला तर जिममधला माणूस देतोय. नाडाने (भारतातली उत्तेजकविरोधी संस्था) तपासणीसाठी नमुना घेतला तर तो तुझ्या बाजूने उभा राहील का?

रेडर_मिरज
नाही घेत, कोच. पण ताई, मग करू काय? विश्रांती घेतली की बरं वाटतं, मॅटवर उतरलो की परत.

फिजिओताई_कोल्हापूर
नुसत्या विश्रांतीने टेंडन आणखी कमकुवत होतं. त्याला भार हवा, पण मोजून. १९९८ मध्ये स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांनी दाखवलेली पद्धत आजही वापरतो: पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच सावकाश खाली सोडायची, वर येताना चांगल्या पायाचा आधार. १५चे ३ सेट गुडघा सरळ ठेवून, ३ वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. दुखणं टाचेच्या हाडाशीच असेल तर पायरी नको, सपाट जमिनीवर कर. १० पैकी ५ पर्यंत दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर भार कमी कर. फेब्रुवारीपर्यंत उड्या आणि स्प्रिंट कधी सुरू करायच्या ते टाच बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. नेमकं कुठे बोट ठेवल्यावर दुखतं, ते आधी इथे लिही.