टेरेनचा बेस: एमडीएफ की पीव्हीसी फोमशीट?

सपाटपठार
टेबलावर छोट्या शिपायांचे युद्धखेळ खेळताना मांडायचं टेरेन, म्हणजे जंगल, टेकड्या, भिंती यांच्या छोट्या प्रतिकृती, मी करतो. परवा खोक्यातून जंगलाचे सहा तुकडे काढले, तर त्यातले चार टेबलावर डुलायला लागले. कडा वर आणि मध्य खाली, अगदी बशीसारखे. सगळे फोमबोर्डावर केलेले होते, म्हणजे दोन कागदांमध्ये फोम असतो त्यावर. वाळू चिकटवायला पांढऱ्या गोंदात पाणी घालून फासलं होतं. वरच्या कागदाने ते पाणी प्यायलं, मग वाळताना गोंद आकसला आणि त्याने कागदाला ओढून घेतलं. खालचा कागद कोरडाच, त्यामुळे उलटा ओढणारं काहीच नव्हतं.

आता माझं मत ठाम झालंय. चार झाडं असोत की पडकी भिंत, बेस ३ मिमी एमडीएफचाच. त्याला वजन असतं, त्यामुळे खेळताना हात लागला तरी तुकडा सरकत नाही. जिगसॉने हवा तसा वाकडातिकडा आकार निघतो. आणि कडेला उतार दिला की बेस टेबलात मिसळून जातो.

पातेधार
अजिबात पटलं नाही. एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू आणि रेझिन. तेही पाणी पितंच, फक्त सावकाश. कापलेली कड तर सगळ्यात आधी फुगते, आणि एकदा फुगली की वाळल्यावरही पहिल्यासारखी होत नाही. एका बाजूला भरपूर गोंद लावलात तर ३ मिमीचा मोठा तुकडाही वाकतो, मी पाहिलंय.

पीव्हीसी फोमशीट, म्हणजे फोमसारखं हलकं प्लास्टिकचं शीट, पाणी पीतच नाही, मग वाकण्याचं ते कारणच उरत नाही. साध्या कटरने दोन-तीन वेळा रेघ मारली की कापली जाते. शिवाय एमडीएफचा तो बारीक भुसा! ज्याला राहत्या खोलीतच काम करायचंय त्याने तो का उडवावा? त्यातल्या रेझिनमध्ये बहुधा फॉर्मल्डिहाइड असतं. मास्क न लावता एमडीएफ घासणारे पाहिले की मला खरंच काळजी वाटते.

सपाटपठार
मास्कचं शंभर टक्के मान्य. पण पीव्हीसी मीही वापरून पाहिलंय. वाळूचा अख्खा थर पापुद्र्यासारखा सुटून हातात आला. जे पाणी पीत नाही ते गोंदही धरत नाही, हे सांगायचं राहिलं तुमचं.

पातेधार
घासलं होतं का आधी? ८० नंबरचा सँडपेपर आडवा-उभा जोरात फिरवायचा, पृष्ठभाग खरखरीत होईपर्यंत. भिंती आणि मोठे दगड सुपरग्लूने बसवायचे, पांढरा गोंद फक्त वाळूपुरता. पाच मिनिटांचं काम आहे.

तारेचा फास
मध्येच एक सांगतो, कारण इथे चूक झाली तर महागात पडते. पीव्हीसी लेझर कटरमध्ये कधीही घालू नका. जळताना हायड्रोजन क्लोराईड वायू निघतो, तो फुफ्फुसांना घातक आणि यंत्रही गंजवतो. लेझरने कापून घ्यायचं असेल तर एमडीएफच.

सहा मिमी
तुम्ही दोघं काय वापरायचं यावरच भांडताय, जाडीचं कुणी बोलतच नाही. २८ मिमी उंचीच्या शिपायापुढे ३ मिमीची कड म्हणजे जिन्याची एक पायरी, चालून जाते. मी ६ मिमी उंचीच्या शिपायांच्या फौजा खेळतो. माझ्या शिपायाला तीच कड कमरेएवढी लागते! माझी पलटण शेतात शिरतेय असं वाटतच नाही, ओट्यावर चढतेय असं वाटतं. मी १ मिमी प्लास्टिकशीट वापरतो आणि त्यात समाधानी आहे.

तारेचा फास
आणि टेकडीला बेस हवाच कशाला? एक्सपीएस फोम (थर्माकोलसारखाच, पण जास्त घट्ट) गरम तारेने कापा (खिडकी उघडी ठेवून), खाली काहीही नको.

सपाटपठार
टेकडीची खालची कडच पहिली झिजते. चार-पाच खेळांनंतर तिथून फोमचा मूळ रंग डोकावतो. आणि गोंद-रंगाचा थर न देता कुणी स्प्रे मारला तर त्यातलं सॉल्व्हंट फोम खाऊन टाकतं. तिथेही एमडीएफ हवं. बेसची कड टेकडीच्या दोन-तीन मिमी बाहेर ठेवा, धक्का ती झेलते.

पातेधार
तेच काम पीव्हीसीही करेल, पण असो. एमडीएफच वापरणार असाल तर निदान वाळू टाकायच्या आधी दोन्ही बाजूंना आणि कडांना तेलाचा प्रायमर द्या, आणि अर्धवट वाळलं की उलटं करून वजनाखाली ठेवू नका, झाडं मोडतील. वजन ठेवायचं ते सजावटीच्या आधी.

बरं, ते चार तुकडे टाकू नका. खालच्या कागदाला तोच पातळ गोंद फासा. तो वाळताना उलटा ओढेल.

सपाटपठार
काल रात्री दोघांना फासला. एक जवळपास सपाट झालाय, दुसरा अजून डुलतोय, उद्या त्याला दुसरा हात देतो. युक्तीबद्दल मनापासून आभार. नवे बेस मात्र एमडीएफचेच कापणार, प्रायमर दोन्ही बाजूंना.

पातेधार
प्रायमर लावायचं ठरलं ना, मग कडांना दोन हात द्या.