शब्दचर्चा: 'बूटमिस्क'मधल्या 'मिस्क'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न:
लिनक्सच्या बूटिंगवर मराठीत टिपण लिहितोय आणि बूटमिस्क या स्क्रिप्टपाशी अडलोय ('मिस्क' म्हणजे इंग्रजी 'मिसलेनियस'चं लघुरूप). लिनक्सच्या प्रकारांपैकी जुन्या डेबियनमध्ये ती असायची, जेंटू आणि अल्पाइनमध्ये अजून आहे. मशीन चालू होताना जी कामं दुसऱ्या कुणाच्या वाट्याला जात नाहीत ती ही उरकते. मी 'किरकोळ कामे' लिहिलं पण वाचताना खटकतंय. 'संकीर्ण' चालेल का?

उत्तर १:
संकीर्ण नको. शासन निर्णयाच्या क्रमांकात तो शब्द असतो, तिथे ठीक, पण ती कागदांची वर्गवारी झाली, हातानं करायच्या कामाला कुणी संकीर्ण म्हणत नाही.

आणि किरकोळ तर अजिबातच नको. किरकोळ ताप, किरकोळ भांडण, म्हणजे लक्ष नाही दिलं तरी चालतं असं. इथे तसं नाहीये हो. आमच्याकडे एका जुन्या मशीनवर टेंप आणि रन या फोल्डरांमधली साफसफाई मीच बंद केली होती, बूट लवकर व्हावं म्हणून. एकदा लाइट गेली, मशीन धाडकन बंद, आणि एका सर्व्हिसची प्रोसेस नंबर लिहिलेली फाइल डिस्कवर तशीच राहिली. परत चालू केल्यावर तो नंबर नेमका दुसऱ्याच प्रोग्रॅमला मिळालेला, त्यामुळे सर्व्हिस म्हणते मी आधीच चालू आहे, आणि उठेचना. अख्खी सकाळ गेली त्यात. तेव्हापासून मी या कामांना किरकोळ म्हणत नाही.

माझ्या मते 'वरकाम' घ्या. घरात स्वयंपाक सोडून केर, भांडी, आवराआवर असं जे काही असतं ते वरकाम, आणि ओटा आवरलेला नसेल तर स्वयंपाकाला हात लागत नाही. अगदी हेच नातं आहे इथे.

उत्तर २:
वरकाम घरगुती वाटतं. 'झाडलोट' का नको?

उत्तर १:
झाडलोटीत फक्त काढून टाकणं येतं ना ताई. ही स्क्रिप्ट नवीन मांडतेसुद्धा. आत्ता कोण लॉगिन आहे याची जी यूटीएमपी फाइल असते ती कोरी करून ठेवते, नाहीतर हू कमांड दिली की काल बसलेली माणसं आजही बसलेली दिसतील. जेंटूत तर कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, सुरुवातीचे मेसेज पण लॉगमध्ये उतरवून ठेवते. आवरणं आणि मांडणं दोन्ही वरकामात येतं. आणि घरगुती आहे म्हणूनच तो शब्द समजावून सांगावा लागत नाही.

प्रश्नकर्ता:
पटलं, 'बूट होतानाची वरकामे' करतो. पण 2015 च्या डेबियन 8 पासून सिस्टिमडी ही बूटिंग सांभाळणारी नवी यंत्रणा आली, आता हीच कामं टेंपफाइल्स वगैरे अशी सुटी सुटी विभागलीत. तिथेही हाच शब्द?

उत्तर १:
तिथे नको. प्रत्येकाला स्वतःचं नाव मिळालंय की, तेच वापरा.