जलद वाचनाची साधने: वेग खरोखर वाढतो का?

प्रश्न

नमस्कार. गेले दोन महिने मी मोबाइलवर जलद वाचनाचे एक ॲप नियमितपणे वापरत आहे. स्क्रीनच्या मध्यभागी एकामागून एक शब्द उमटतात, प्रत्येक शब्दातील एक अक्षर लाल असते आणि नजर त्या लाल अक्षरावरून हलू द्यायची नसते. मिनिटाला २५० शब्दांपासून सुरुवात केली होती, आता ५०० पर्यंत आलो आहे, आणि तो आकडा वाढताना पाहून मला मनापासून आनंद होत होता.

गेल्या आठवड्यात मात्र माझा विश्वास डळमळीत झाला. एका कराराचा मसुदा याच पद्धतीने वाचून मी बैठकीला गेलो आणि उशीर झाला तर दंड बसणारच, असे ठामपणे सांगितले. शेजारी बसलेल्या सहकारी बाईंनी शांतपणे कागद माझ्याकडे सरकवला. त्यावर वाक्य होते: ‘पुरवठादाराने मुदत संपण्याच्या १५ दिवस आधी लेखी कळवले असल्यास विलंबाबद्दलचा दंड आकारला जाणार नाही.’ शेवटचा ‘नाही’ माझ्या डोळ्यांसमोरून नक्कीच गेला होता, पण डोक्यात शिरला नव्हता.

हा माझ्या सरावाचा दोष समजावा की या साधनाचाच? जलद वाचन शिकवणारे ‘मनातल्या मनात शब्द उच्चारणे बंद करा’ असेही सांगतात, आणि शब्दांची पहिली काही अक्षरे ठळक करून दाखवणारी साधनेही आता मिळतात. यांपैकी कशाला खरोखर आधार आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

दोष आपल्या सरावाचा नाही. वाचताना डोळा काय करतो हे एकदा पाहिले की आपला ‘नाही’ कुठे हरवला ते लक्षात येईल.

वाचताना नजर ओळीवरून सरळ घसरत जात नाही. ती उड्या मारते, ही गोष्ट एमिल जाव्हाल या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाच्या १८७९ मधील लेखनापासून चर्चेत आहे. एका ठिकाणी नजर साधारण २०० ते २५० मिलिसेकंद थांबते, मग २० ते ३५ मिलिसेकंदांत पुढच्या ठिकाणी जाते. एक-एक शब्द दाखवणाऱ्या ॲपचा सगळा युक्तिवाद असा, की शब्दच डोळ्यांसमोर आणून दिला तर उड्यांमध्ये जाणारा वेळ वाचेल. पण तो वेळ मुळात आहे किती? थांबण्याच्या वेळेपुढे अगदी थोडा, आणि त्या क्षणांतही आधी पाहिलेल्या शब्दावर मेंदूचे काम चालूच असते. वाचनातला खरा वेळ जातो तो शब्द ओळखण्यात आणि त्याचा अर्थ मागच्या अर्थाशी जोडण्यात. तिथे हे ॲप काहीच मदत करत नाही. उलट मिनिटाला ५०० शब्दांच्या वेगाने प्रत्येक शब्दाला जेमतेम १२० मिलिसेकंद देते.

शिवाय त्याने आपल्याकडून दोन गोष्टी काढून घेतलेल्या असतात. पहिली म्हणजे पुढचे दिसणे. इंग्रजी वाचणाऱ्याला नजर थांबलेल्या जागेच्या उजवीकडची सुमारे १४-१५ अक्षरांपर्यंतची माहिती उपयोगी पडते, त्यामुळे पुढच्या शब्दाची तयारी आधीच सुरू होते. एकच शब्द दाखवला की ती सोय संपली. दुसरी आणि माझ्या मते अधिक मोलाची गोष्ट म्हणजे मागे वळणे. नजरेच्या साधारण १० ते १५ टक्के उड्या मागच्या दिशेने असतात. जलद वाचनाचे वर्ग या मागे वळण्याला वाईट सवय म्हणतात, आणि इथे त्यांचे निदान चुकलेले आहे असे मी ठामपणे म्हणेन. एलिझाबेथ शॉटर, रँडी ट्रॅन आणि कीथ रेनर यांनी २०१४ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. वाचकाची नजर शब्दावरून पुढे गेली की तो शब्द फुल्यांनी झाकला जाई, म्हणजे मागे वळले तरी हाती काही लागत नसे. वाक्ये समजण्याचे प्रमाण घटले. मागे वळून पाहणे ही समजून घेण्याचीच एक पायरी आहे.

आता आपले वाक्य पुन्हा पाहा. मराठीत क्रियापद आणि त्याचा नकार वाक्याच्या शेवटी येतात, म्हणून ‘पुरवठादाराने’पासून ‘आकारला जाणार’पर्यंतचा सगळा भार मनात तोलून धरावा लागतो आणि निकाल अगदी शेवटच्या शब्दावर लागतो. कागदावर वाचताना त्या शब्दाशी आपण नकळत क्षणभर थांबलो असतो, कदाचित ‘असल्यास’कडे एकदा परतलोही असतो. ॲपमध्ये ‘नाही’वर पुढच्या वाक्याचा पहिला शब्द लगेच येऊन आदळला.

या साधनांचे प्रात्यक्षिक प्रभावी का वाटते, तेही सांगतो. मेरी पॉटर यांच्या प्रयोगांत सेकंदाला १२ शब्दांच्या वेगाने दाखवलेले सुटे वाक्य लोकांना कळत होते. वाक्यामागून वाक्ये येऊ लागली की मात्र ती स्मरणात ठेवायला उसंत मिळत नाही. म्हणून दोन ओळींचा नमुना पाहून माणूस भारावतो आणि दहा पानांनंतर रिकाम्या हाताने उठतो. लाल अक्षराची पद्धत ज्यामुळे गाजली, ते स्प्रिट्झ नावाचे साधन २०१४ मध्ये आले. पुढच्याच वर्षी त्यावर झालेल्या अभ्यासात मजकुराचे शब्दशः आकलन कमी झाले, पापण्यांची उघडझाप घटली आणि डोळ्यांचा थकवा वाढला, असे आढळले. आपले डोळे संध्याकाळी चुरचुरत असतील, तर त्याचे कारण हेच असू शकते.

प्रतिसाद २

ठळक अक्षरांविषयी थोडक्यात लिहितो. ‘बायॉनिक रीडिंग’ ही पद्धत २०२२ मध्ये समाजमाध्यमांवर फार गाजली. रीडवाइज या कंपनीने त्याच वर्षी दोन हजारांहून अधिक वाचकांवर तिची चाचणी घेतली, तेव्हा ठळक अक्षरांच्या मजकुराचा सरासरी वेग किंचित कमीच भरला, तोही मिनिटाला तीन शब्दांपेक्षा कमी फरकाने. जोशुआ स्नेल यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातही काही लाभ दिसला नाही. असा मजकूर कोणाला डोळ्यांना बरा वाटत असेल, लक्ष टिकवायला सोपा जात असेल, तर त्याने तो खुशाल वापरावा. वेग वाढेल म्हणून पैसे मात्र मोजू नयेत.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसादांशी मी बहुतांशी सहमत आहे, तरीही एक बाजू राहून जाते असे वाटते. माझे काम संपादनाचे आहे, रोज शेकडो पाने हातांखालून जातात आणि ती सगळी शब्दन् शब्द वाचणे कोणालाही शक्य नाही. मी चाळते. शीर्षके, परिच्छेदाचे पहिले वाक्य, आकडे आणि ‘परंतु’, ‘मात्र’, ‘अन्यथा’ यांच्या आसपासचा मजकूर पाहते, आणि कुठे थांबायचे ते ठरवते. मराठीत ‘चाळणे’ आणि ‘वाचणे’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत, आणि या विषयातला बराचसा गोंधळ पहिले दुसऱ्याच्या नावाने विकले गेल्यामुळे झाला आहे.

जलद वाचनाचे वर्ग नवे नाहीत. एव्हलिन वुड यांनी अमेरिकेत १९५९ मध्ये सुरू केलेले वर्ग अफाट लोकप्रिय झाले आणि बोट पानावरून खाली फिरवत नेण्याची पद्धत तिथूनच सर्वदूर पसरली. अशा प्रशिक्षित वाचकांची तुलना मार्सेल जस्ट आणि पॅट्रिशिया कार्पेंटर यांनी १९८७ मधल्या आपल्या ग्रंथात मांडली आहे. सोप्या मजकुराचा ढोबळ आशय प्रशिक्षितांना थोडा बरा सांगता आला. परंतु तपशिलात आणि अवघड मजकुरात ते, कोणतेही शिक्षण न घेता नुसते चाळणाऱ्यांच्या पुढे नव्हते, आणि नेहमीच्या वेगाने वाचणारे दोघांपेक्षाही सरस ठरले. म्हणजे त्या वर्गांतून मिळत होते ते धीटपणे चाळण्याचे बळ. ते उपयोगी आहे, मी स्वतः त्यावरच काम करते. पण करार चाळून बैठकीला जाणे मी कधीही करणार नाही.

मनातल्या आवाजाविषयी आपण विचारले आहे. तो बंद करण्याच्या मागे लागू नये. वाचता वाचता निरर्थक शब्द पुटपुटायला लावून हा आवाज दाबण्याचे प्रयोग झाले आहेत, आणि त्यांत परस्परांशी जोडलेल्या वाक्यांचा अर्थ लावणे लोकांना जड गेले. लांब वाक्याची सुरुवात शेवटापर्यंत धरून ठेवण्याचे काम हा आवाजच करत असतो.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री एक प्रयोग केला. सारख्याच लांबीचे दोन लेख घेतले, एक ॲपवर ५०० च्या वेगाने वाचला आणि दुसरा कागदावर, आणि प्रत्येक लेखानंतर तो बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढले. कागदावरच्या लेखाचे पाऊण पान भरले. ॲपवरच्या लेखाचा विषय, दोन नावे आणि एक आकडा आठवला, आणि तो आकडा कशाचा होता ते सांगता आले नाही. आता एवढेच विचारतो, की माझा मूळचा २५० चा वेग कमी समजावा का, आणि तो वाढवण्याचा प्रामाणिक मार्ग आहे का?

प्रतिसाद १

२५० हा वेग कमी नाही. मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा इंग्रजीत मनात वाचण्याचा सरासरी वेग माहितीपर मजकुरासाठी मिनिटाला २३८ शब्द आणि कथात्म मजकुरासाठी २६० शब्द निघाला. शिवाय हे आकडे मराठीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. ‘आपल्या घरासमोरच्या झाडाखाली’ हे आपले तीन शब्द इंग्रजीत सात-आठ होतात, कारण आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. त्यामुळे इंग्रजीसाठी बेतलेल्या ॲपने मराठी मजकुरावर ५०० चा आकडा दाखवला, तर प्रत्यक्षात आपल्या मेंदूवर त्याहून बराच मोठा भार पडत होता.

वेग वाढतो तो शब्दसंग्रह वाढल्याने आणि विषयाच्या ओळखीने. ओळखीचा शब्द लवकर ओळखला जातो आणि अपेक्षित शब्दावर नजर अनेकदा थांबतच नाही. आपण महिनाभर केवळ करारांचे मसुदे कागदावर, नेहमीच्या गतीने वाचलेत, तर ‘अधीन राहून’, ‘या अटीवर’, ‘वगळता’ हे शब्द दिसताच पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येऊ लागेल, आणि तो वेग टिकाऊ असेल.

प्रतिसाद ३

त्यात माझ्या कामातली एक सवय जोडते. कलम चार ओळींहून लांब असेल तर मी आधी शेवटचे क्रियापद शोधते, त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढते, आणि मगच सुरुवातीपासून वाचायला घेते. ‘आकारला जाणार नाही’ हे आधीच कळलेले असले, की उरलेले वाक्य केव्हा आणि कोणासाठी एवढेच सांगत असते.