मदत हवी आहे: नांदूर मधमेश्वरला मिश्र थव्यातली बदके कशी मोजावीत?

जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेसाठी नांदूर मधमेश्वरला (जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेले राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) थापट्या, तलवार बदक, भुवई बदक आणि चक्रांग यांचे मिश्र थवे मोजायचे आहेत. पद्धत नेहमीची: आधी दहा पक्षी मोजून तेवढा ठोकळा डोळ्यांत बसवायचा, मग पन्नासाचा, आणि तो थव्यावर सरकवत न्यायचा. पण ठोकळा विरळ कडेवर ठरवला तर दाट मधला भाग हमखास कमी भरतो. दुर्बीण जमिनीलगत असेल तर पुढच्या रांगा मागच्यांना झाकतात, म्हणून मनोऱ्यावरून मोजणे बरे.

खरी अडचण माद्यांची. भुवई बदकाच्या मादीच्या चेहऱ्यावर ठळक पट्टे आणि चोचीच्या बुडाशी फिकट ठिपका असतो. चक्रांगच्या मादीच्या शेपटीच्या बुडाशी बाजूला फिकट रेघ. सूर्य समोर असला की यातले काहीच दिसत नाही. अशा वेळी ओळखलेल्या नमुन्याच्या प्रमाणात आकडा दोघांत वाटावा, की सरळ ‘अनोळखी बदक’ लिहावे? वाटणी मला धोक्याची वाटते, कारण दोन्ही जाती थव्यात सारख्या मिसळलेल्या नसतात.

दुसरे म्हणजे, दलदली भोवत्या (हा शिकारी पक्षी) घिरट्या घालू लागला की अख्खा थवा उठून मोजणाऱ्यांच्या शेजारच्या गटाच्या हद्दीत उतरतो आणि दोनदा मोजला जातो. उठण्याची वेळ, दिशा आणि अंदाजे संख्या टिपण्यासाठी दोन गटांत कोणती नोंदपद्धत टिकते? तक्ता असल्यास कृपया त्यातले रकाने सांगा.