प्रथिन आहे, पण कुठे आहे?

मलेरियाच्या परजीवीबद्दलचा प्रश्न असा: वेस्टर्न ब्लॉटवर (पेशी फोडून त्यातलं ठरावीक प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) जीडीव्ही1 या प्रथिनाची पट्टी ठसठशीत येते, मग गॅमेटोसाइट, म्हणजे परजीवीची लैंगिक रूपं, का बनत नाहीत? पट्टीवरून प्रथिन आहे एवढंच कळतं, ते पेशीत कुठे आहे ते नाही.

फाल्सिपेरम या मलेरियाच्या प्रजातीत लैंगिक वाट सुरू करणारं एपी2-जी हे जनुक एचपी1 प्रथिनाने दाबून ठेवलेलं असतं. जीडीव्ही1 केंद्रकात जाऊन एचपी1ला तिथून हटवतं, तेव्हाच परजीवी लैंगिक वाटेला लागतो. ते केंद्रकाबाहेर अडकलं, तर कितीही बनो, उपयोग नाही.

आधी जागा तपासा. 4% पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये 0.0075% ग्लुटाराल्डिहाइड घालून पेशी 30 मिनिटं स्थिर करा, मग 0.1% ट्रायटन (पटलाला छिद्रं पाडणारं डिटर्जंट) 10 मिनिटं, शेवटी डॅपी (केंद्रक दाखवणारा रंग). ग्लुटाराल्डिहाइड वगळलं तर ट्रायटनमध्ये लाल पेशी फुटतात, जास्त झालं तर सगळंच चमकतं आणि खोटा सिग्नल मिळतो. घाईत मिथेनॉल वापरू नका, विरघळणारी प्रथिनं जागा सोडतात.

खरा पुरावा ‘नॉक-साइडवेज’चा, म्हणजे प्रथिन त्याच्या जागेवरून ओढून काढून काय बिघडतं ते बघण्याचा. प्रथिनाला एफकेबीपी हा तुकडा जोडा, परजीवीच्या पेशीपटलावर एफआरबी हा दुसरा तुकडा ठेवा, आणि या दोघांना एकत्र बांधणारं रॅपालॉग हे रसायन 250 नॅनोमोलर द्या. प्रथिन केंद्रकातून पेशीपटलाकडे ओढलं जातं. तुलनेसाठी रॅपालॉग न दिलेली जोडी हवीच. एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या (पेशीतल्या पटलांच्या जाळ्याच्या) आत शिरणाऱ्या प्रथिनांवर मात्र ही युक्ती चालत नाही.

मुंबईच्या रुग्णांचे नमुने वापरणाऱ्यांनी प्रजाती आधी पक्की करावी. इथे व्हायवॅक्स ही मलेरियाची दुसरी प्रजाती भरपूर, तिचे गॅमेटोसाइट तापाच्या सुरुवातीलाच रक्तात दिसतात; फाल्सिपेरमचे पक्व व्हायला 10-12 दिवस लागतात.