फ्लू: खान्देशकरांनो, तुमच्या घरचे अनुभव लिहा

गेल्या पंधरवड्यात आमच्या जळगावच्या घरात एकामागोमाग चौघे आडवे झालो. तपासणीत एच३एन२ हा फ्लूचा प्रकार निघाला. आईने विचारलं, "मागल्या सालीच तर झाला होता, परत कसा?" हा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून जुनी प्रतिकारशक्ती अपुरी पडते आणि लसही दरवर्षी घ्यावी लागते. तुम्ही कसं निभावलं ते लिहा.

अमळनेर
आबांचं सविस्तर लिहिते, कुणाच्या तरी कामी येईल. वय ७४, त्यात शुगर. "माले काही नई व्हयनं," म्हणत त्यांनी तीन दिवस अंगावर काढले. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि आम्ही निर्धास्त झालो. सहाव्या दिवशी तो परत चढला, बोलताना धाप लागायला लागली. ऑक्सिजन ८९! रातोरात धुळ्याला नेलं. फ्लूवर न्यूमोनिया झाला होता. ऑसेल्टामिविर ही फ्लूच्या विषाणूवरची गोळी पहिल्या ४८ तासांत सुरू केली तर सगळ्यात चांगली लागू पडते, हे तिथे कळलं. आमचे ते दोन दिवस काढ्यात गेले, याची हळहळ अजून वाटते. उतरलेला ताप परत आला तर थांबू नका.

रावेर
मी घरात पडलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या. विषाणूवर त्यांचा काही उपयोग नाही, उलट पोट बिघडलं. मुगाच्या डाळीचं पाणी आणि झोप, यावरच उठलो. केळी कापणीला मात्र आठवडाभर गेलो नाही. मजुरांच्या घरी लेकरं-म्हातारी आहेत.

नवापूर
आमच्या गावाला फ्लूची वेगळी ओळख आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतात पहिल्यांदा बर्ड फ्लू, एच५एन१, सापडला तो इथल्या कोंबड्यांत. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, पोल्ट्रीवाले पार बसले. २०२१ मध्ये पुन्हा तेच. एच आणि एन ही विषाणूच्या पृष्ठभागावरची दोन प्रथिनं, त्यांवरून 'ए' प्रकाराच्या फ्लूची नावं पडतात. २००९ चा स्वाइन फ्लू म्हणजे एच१एन१. तो आता दर हंगामात येणाऱ्यांपैकीच एक झालाय.

भुसावळ
लेकीला 'बी' प्रकाराचा फ्लू निघाला. ताप उतरताना पोटऱ्या इतक्या दुखायच्या की पाय टेकवेना. मुलांमध्ये असं होतं, म्हणाले डॉक्टर, आणि चार दिवसांत ती चालायलाही लागली. अ‍ॅस्पिरिन अजिबात द्यायची नाही, असं मात्र त्यांनी बजावलं. अमळनेरच्या ताई, आबा कसे आहेत आता?

अमळनेर
ओट्यावर येऊन बसतात. जिना अजून एका दमात चढवत नाही. यंदा घरातल्या सगळ्यांनी लस घेतली, पहिला नंबर आबांचा.